नरहरीचा डावा हात

नरहरीच्या दंडात मांडीचं मांस आहे, ही गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. चिंचणीच्या बाजाराला निघालेल्या बायकासुद्धा त्याच्या ओट्यापाशी थांबून विचारायच्या, "कसं हाय आता मांडीचं मांस?" नरहरी म्हणायचा, "मांस बरं हाय, माझंच काय खरं नाय." बायका हसत पुढे जायच्या. गावाला त्याच्या बोलण्यावर हसायची सवय होती. बायको वारली, मुलगी जागृती लग्न करून नाशिकला गेली, चूल एकट्यापुरती पेटू लागली, तरी हा माणूस ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची टोपी उडवत असे. एकटा होता, पण एकाकी नव्हता. एकाकी तो पुढे झाला, आणि तोही हात बरा व्हायला लागल्यावर.

नरहरी डायमेकर. सोनाराला कुडी, वाटी, पदकातलं पान असलं काही पत्र्यावर ठोकून उठवायचं असतं, तेव्हा त्याला पोलादी ठोकळ्यात उलटी कोरलेली नक्षी लागते. ती डाय. चिंचणी-वाणगावच्या पट्ट्यात हे काम घरोघरी चालत आलं आहे. आता कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आली, तरी नाजूक काम हाताचंच असं म्हणणारे सोनार अजून आहेत आणि त्यांच्या जोरावर नरहरीसारखे टिकून आहेत. या कामातली एक रीत त्याने बापाकडून घेतली होती. अर्धी डाय कुणाला दाखवायची नाही. गिऱ्हाइकाला नाही, शेजाऱ्याला नाही, बायकोलाही नाही. अर्ध्या डायमध्ये नक्षी उलटी असते, कडा ओबडधोबड असतात, बघणाऱ्याला कळत काही नाही आणि तो हमखास काहीतरी बोलतो. मग ते बोलणं हातात शिरतं. म्हणून कुणी आलं की कामावर फडकं टाकायचं आणि पूर्ण झाल्यावर मेणावर ठसा उठवून तो समोर धरायचा. रीत चांगली आहे. फक्त ती पोलादापुरती ठेवायची असते, हे बाप सांगायचा राहिला.

अपघात झाला बोईसरला. शेअर रिक्षात नरहरी ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला, अर्ध्या बुडावर बसला होता. असं बसणाऱ्याचा कोपर बाहेरच असतो. रस्त्याकडेला एक ट्रक उभा होता आणि त्याच्यातून पत्र्याचा एक कोपरा बाहेर आला होता. रिक्षा त्याच्या जवळून गेली, एवढंच. नरहरीला आधी दुखलंसुद्धा नाही. मांडीवर काहीतरी ऊन ऊन सांडतंय म्हणून त्याने खाली पाहिलं.

हाड वाचलं, पंजा वाचला, बोटं हलत होती. पण दंडाच्या पुढच्या बाजूचा मांसाचा गोळाच्या गोळा गेला आणि त्याला हुकूम देणारी नस वरून उपटून निघाली. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरने त्याला समजावून सांगितलं. म्हणाला, काका, मांस थोडं फाटलं तर ते स्वतःच भरून येतं. मांसाच्या धाग्यांना लागून झोपलेलं बियाणं असतं, मार बसला की ते जागं होतं आणि नवे धागे विणतं. पण मूठभर मांसच गेलं की बियाणंही जातं आणि ज्या वाफ्यात ते रुजायचं तो वाफाही जातो. मग शरीर घाईघाईने खड्डा बुजवतं. बुजवतं ते निबर, कातड्यासारखं. त्याला आकार असतो, पण ओढ नसते.

म्हणून मांडीच्या आतल्या बाजूचं एक लांबट मांस काढून दंडावर बसवलं. रक्ताच्या नळ्या दुर्बिणीखाली जोडल्या. दंडाची नस तर उपटलेली, मग बरगड्यांमधून जाणाऱ्या, श्वासाच्या कामाच्या नसा वळवून त्या मांसाला जोडल्या. नरहरीने हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि गावात आल्यावर एका वाक्यात सांगितलं, "मांस मांडीचं, नोकरी दंडाची आणि सायब बरगडीचा." पुढे कित्येक दिवस गाव हे वाक्य बोलत होतं.

आता देवूबद्दल सांगायला हवं. देवू त्याचा शेजारी. दोघांच्या मध्ये फक्त जास्वंदीचं कुंपण. देवूची चिकूची वाडी होती, माणूस कमी बोलायचा. नरहरीची दहा वाक्यं झाली की देवूचं एक यायचं, तेही बहुतेक "हं". हसायचा तोही आवाज न करता, नुसते खांदे हलायचे. पण नरहरी छातीशी हात बांधून घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवू न सांगता आला, त्याच्या शर्टाची बटणं लावली, पायजम्याची नाडी बांधली आणि निघून गेला. मग रोज यायला लागला. त्याची बायको मंगला दुपारचा डबा पाठवायची. मासे असतील तर त्यातले काटे काढलेले असायचे. नरहरी म्हणायचा, "वैनी, मांजरावानी मोठं करताय मला." देवूचे खांदे हलायचे. कुणी कुणाचे आभार मानले नाहीत. शेजारी आभार मानायला लागले की समजावं, कुंपणाला भिंत होणार आहे.

हात लोंबत होता. पंजाला पकड होती, पण कोपरातून तो पंजा वर आणायची ताकद नव्हती. उजव्या हाताने उचलून टेबलावर ठेवला तर बोटांत छिन्नी धरता येई, पण हातोडी बसली की हात घसरे. नस म्हणे अगदी सावकाश वाढते, तिला बरगडीपासून दंडापर्यंत चालत यायचं होतं. नरहरी वाट पाहत होता. पालघरला कोळगावच्या रस्त्यावर मेघाली नावाची एक फिजिओथेरपिस्ट मुलगी होती, तिच्याकडे एसटीने जायचा. ती म्हणायची, "काका, मोठा श्वास घ्या आणि त्याच वेळी हात वाकवायचा विचार करा." तो श्वास घ्यायचा, विचार करायचा, हात ढिम्म.

मग पावसाळा संपता संपता, एके दुपारी तो वाणगावची मिरची फोडणीला टाकत असताना त्याला ठसका लागला आणि डावा हात शर्टाला धरून कुणी ओढावा तसा वर उडाला. नरहरीने गॅस बंद केला. पुन्हा खोकला. हात पुन्हा उडाला, थोडासाच, पण उडाला. तो तिथेच खाली बसला आणि रडला. रडतानाही हात उडत होता, त्यामुळे मध्येच त्याला हसू आलं, आणि हसल्यावर तर तो आणखीच उडाला.

ही बातमी कुंपणापलीकडे जायला किती वेळ लागला असता? एक हाक. पण नरहरीने हाक मारली नाही. श्वासासरशी आपोआप उडणारा हात ही त्याच्या लेखी अर्धी डाय होती. लोकांना काय सांगायचं, शिंकलो की हात येतो? पोरंसोरं ओट्यासमोर येऊन तपकीर उडवतील. पूर्ण होऊ दे, एकदा आपल्या मनाने उठू दे, मग देवूच्या खांद्यावर ठेवू, असं त्याने ठरवलं. त्या क्षणाचं चित्र त्याने मनात इतक्या वेळा कोरलं की ते जवळजवळ झालंच आहे असं त्याला वाटायला लागलं.

मेघाली मात्र खूश झाली. तिने सांगितलं, "असंच होतं, काका. नस श्वासाची आहे ना, तिला अजून वाटतंय आपण श्वासच घेतोय. आता जोर वाढवू आणि मग हळूहळू हाताला श्वासापासून सोडवू. डोकं शिकतं ते. वेळ लागतो." नरहरी घरी बसून, दार लोटून, श्वास घेत राहिला. हातात आधी रिकामा पेला, मग पाण्याचा तांब्या. मांसात जोर भरत गेला. आणि रोज सकाळी देवू बटणं लावायला आला की हा श्वास रोखून उभा राहायचा, हात हलू नये म्हणून. देवू विचारायचा, "दुखतं का?" हा मान हलवून नाही म्हणायचा. देवूला वाटायचं दुखतच असणार, आणि तो आणखी हळू बटणं लावायचा. त्यामुळे नरहरीला आणखी वेळ श्वास रोखावा लागायचा.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात ग्रामसभा होती. विषय स्मशानाच्या रस्त्याचा. समुद्राकडे जाणारी वाट अरुंद, पावसाळ्यात तिरडी नेताना खांदेकऱ्यांचे पाय घसरायचे. वाट रुंद करायची तर देवूच्या वाडीच्या कडेची चिकूची रांग जाणार होती. ती पट्टी नकाशात गावची होती, पण झाडं देवूच्या बापाने लावलेली होती. देवू आणि नरहरी लहान असताना विहिरीवरून कळशीने पाणी आणून त्यांनीच ती रांग जगवली होती. गावाचं म्हणणं चूक नव्हतं. देवूचं दुःखही चूक नव्हतं. असे विषय फार वाईट असतात.

सगळे सतरंज्यांवर बसले. देवू शाळेत गेला आणि नरहरीसाठी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला, हाताची. "हात ठेवून बस," म्हणाला आणि स्वतः त्याच्या पायाशी सतरंजीवर बसला. नरहरीने डावा हात उचलून खुर्चीच्या हातावर ठेवला. ग्रामसेवकाने ठराव वाचला. चिकूची झाडं काढण्यास ही सभा मंजुरी देत आहे, असं काहीसं. देवू जमिनीकडे बघत होता. त्याचा गुडघा हलत होता. नरहरीची नजर त्या गुडघ्यावरच राहिली.

"ठराव मंजूर असणाऱ्यांनी हात वर करा," ग्रामसेवक म्हणाला.

नरहरीने मोठा श्वास घेतला. दुसऱ्याचं दुःख बघून माणूस घेतो तसा, आतून, लांब. आणि खुर्चीच्या हातावर कोपर टेकलेला त्याचा डावा हात उभा राहिला. तांब्या उचलून उचलून त्यात जोर आला होता. पंजा थेट कानाशी गेला.

ग्रामसेवकाने तो मोजला. पण त्याआधी सरपंच सुगंधाताईंचं लक्ष गेलं. "अगोबाई, नरूकाकांचा हात आला," त्या माइकवरच म्हणाल्या. लोकांनी वळून पाहिलं. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्या सभेनेच वाजवली. बिचाऱ्याचा हात आला, गावाला खरंच आनंद झाला होता. आणि इथे नरहरीची चूक झाली. तो हसला. तेवढ्या टाळ्या, तेवढे चेहरे, इतके महिने कुणाला न दाखवलेली गोष्ट एकदम उजेडात, त्याला बरं वाटलं. हसल्यामुळे हात खाली यायचाही राहिला. त्याने खाली पाहिलं तेव्हा देवू त्याच्याकडे बघत होता. आधी हाताकडे, मग तोंडावरच्या हसण्याकडे.

ठराव मोठ्या बहुमताने झाला. नरहरीच्या एका हाताने काही बदललं नसतं, हे देवूलाही कळत होतं. त्याचा प्रश्न ठरावाचा नव्हताच. ज्या हातापायी त्याने इतके दिवस बटणं लावली, तो हात बरा झालेला त्याला कळलाही नाही, आणि कळला तो असा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते दुसरं काय असतं? सभा संपल्यावर देवूने खुर्ची उचलून शाळेत ठेवली आणि नरहरीसाठी न थांबता घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरहरी उघड्या शर्टाने दारात उभा राहिला. कुणी आलं नाही. डबाही आला नाही. तो कुंपणापाशी गेला. मंगला अंगणात होती, म्हणाली, "ते वाडीत गेलेत, भावोजी." देवूच्या चपला तर ओट्याखालीच दिसत होत्या. नरहरीने पुन्हा एकदा जाऊन पाहिलं, पुन्हा तेच उत्तर मिळालं. मग त्यालाही राग आला. इतक्या वर्षांची ओळख आणि एवढंही विचारावंसं वाटू नये, की बाबा, हे काय झालं? त्याने दातात धरून नाडी बांधायला शिकून घेतलं.

मेघालीला त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यांना इथे घेऊन या ना. मी दाखवते त्यांना, तुम्ही खोकलात की हात कसा येतो ते. दोन मिनिटांचं काम आहे."

"येतील," नरहरी म्हणाला. "आधी पूर्ण होऊ दे."

त्याच्या मनात असं होतं की हात एकदा आपल्या मनाने उठायला लागला की आपण दोन्ही दाखवू. हा बघ श्वासाने उठतो तो, आणि हा बघ मी उठवतो तो. घराला नवं दार काढलं म्हणजे जुनं बुजत नाही, असा त्याचा हिशेब. मेघाली श्वासापासून सोडवायचं, सोडवायचं म्हणत होती, ते त्याने ऐकलं होतं, पण सोडवणं म्हणजे काय याचा विचार केला नव्हता. आपल्याला हवं तेवढंच ऐकायला येतं, त्याला डॉक्टर काय करणार.

चिकूची झाडं पडली तो दिवस त्याने घरात काढला. यंत्राची करवत सकाळपासून चालू होती. एक झाड पडलं की थोडा वेळ आवाज थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा. नरहरी कामाच्या टेबलाशी बसला होता, काम करत नव्हता. प्रत्येक झाडाला त्याच्या छातीत श्वास अडकायचा आणि सुटायचा, आणि त्याचा डावा हात मांडीवरून उठायचा आणि पडायचा. त्या दिवशी कुंपणावरून कुणी डोकावलं असतं तर सगळं न बोलता कळलं असतं. पण दार त्याने स्वतःच लावून घेतलं होतं.

नंतरचे महिने फार वाईट गेले. लोक वाईट वागत नव्हते. भेटलं की म्हणायचे, "हात आला ना, बरं झालं." एखादा डोळा मारून म्हणायचा, "आणि आल्या आल्या कामालाच लावलात." हे ऐकायला नको म्हणून तो ओट्यावर बसेनासा झाला. मग लोकांना वाटलं, देवूला तोंड दाखवायची लाज वाटते. कुणाकडे लग्न असलं तरी तो आहेर पाठवून द्यायचा, जायचा नाही, कारण पंगतीत कुणी हसवलं तर? हसवलं की हात उडणार, आणि उडाला की पुन्हा ग्रामसभेची आठवण. माणसाने हसू नये म्हणून घरात बसणं ही शिक्षा फार कमी लोकांना होत असेल. जागृतीचा फोन यायचा, तिला तो म्हणायचा, "मी बरा हाय. देवूकाका हायेत ना." संध्याकाळी कुंपणापलीकडून फोडणीचा वास यायचा आणि मंगलाने आज कसला मासा केलाय हे तो ओळखायचा. सांगायला कुणी नव्हतं.

मेघालीकडे मात्र जात राहिला. ती त्याला हात खाली ठेवून बोलायला लावायची. बोलणं म्हणजे श्वास, आणि श्वास घेऊन हात हलू द्यायचा नाही, हाच अभ्यास. "काहीतरी सांगा, काका. गमतीचं सांगा." ज्याच्या तोंडात गाव हसवायची गोष्ट असायची, त्याला आता एक गोष्ट आठवेना. मग तो डायांची नावं म्हणायचा. आंबा, कोयरी, कमळ, मोराची मान, वेलीचं टोक. हात उठायचा, थोडा कमी उठायचा, कधी नुसता थरथरायचा. मग एक दिवस तिने त्याच्यासमोर मेणबत्ती लावली आणि फुंकर मारायला सांगितली. त्याने छाती भरून श्वास घेतला, फुंकली. हात मांडीवर पडून होता. "आता तांब्या उचला," ती म्हणाली. बोलता बोलता, श्वासाचा विचारही न करता, त्याने तांब्या उचलला, पाणी प्यायला, खाली ठेवला.

"आता हात तुमचा झाला, काका," मेघाली म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

नरहरीने पालघरच्या स्टँडवर पेढे घेतले. एसटीत तो खिडकीशी बसला, पेढ्यांची पिशवी डाव्या हातात धरून, आणि मनात सगळं जुळवत होता. देवू, हात पूर्ण झाला. आता ऐक. गावात उतरल्यावर तो घरी गेलाच नाही. नव्या रस्त्याच्या कडेने, जिथे रांग होती तिथल्या खुंटांकडे न बघता, सरळ देवूच्या ओट्यावर चढला. मंगला त्याला बघून दारातच थांबली. देवू खाटेवर बसून चिकू निवडत होता. त्याने मान वर केली, पण उठला नाही, आणि जा असंही म्हणाला नाही.

नरहरीने बसून सगळं सांगितलं. फोडणीचा ठसका, श्वासाची नस, दार लावून केलेला अभ्यास, बटणं लावताना रोखलेला श्वास. सभेत काय झालं ते. "तुझा गुडगा हलत होता, देवू. मला बघवलं नाय. मी श्वास घेतला आणि ह्यो उठला. मी उठवला नाय. मत द्यायचं असतं तर उजवा नव्हता का?"

देवूने हातातला चिकू एकदा फिरवून पाहिला. मग म्हणाला, "दाखव."

नरहरीने डावा हात खाटेच्या कडेवर ठेवला आणि छाती भरून श्वास घेतला.

हात हलला नाही.

त्याने पुन्हा घेतला, आणखी मोठा. हात तिथेच, शांत, दुसऱ्या कुणाचाही असतो तसा. तेव्हा कुठे नरहरीच्या डोक्यात उजेड पडला की मेघालीने काय सोडवलं ते.

"खोक," देवू म्हणाला. आणि ते त्याने असं म्हटलं की नरहरीला कळलं, याला विश्वास ठेवायचा आहे. इतके महिने हाच माणूस पलीकडे बसून हेच काहीतरी ऐकायची वाट बघत होता.

नरहरी खोकला. काही नाही. मंगला दारातून बघत होती. देवूची नजर हळूहळू हातावरून सुटायला लागली, पुन्हा चिकूंच्या पाटीकडे निघाली.

तेव्हा नरहरीने तिसरा श्वास घेतला आणि हात उचलला. आपल्या मनाने, आपल्या जोराने, अगदी तेव्हाच्यासारखा झटका देऊन. पंजा कानाशी नेला. आयुष्यात पहिल्यांदा तो हात त्याने देवूला दाखवण्यासाठी उचलला, आणि तो खोटा उचलला.

देवूने पाहिलं. त्याने चिकू खाली ठेवला, पुढे झाला आणि वर उठलेला तो हात दोन्ही हातांत धरून हळूच खाली आणून खाटेवर ठेवला. "असं होय," म्हणाला. "तेवाच सांगायचं, नरू." मंगलाने डोळ्यांना पदर लावला आणि चहा टाकायला आत गेली.

तेव्हापासून देवू रोज संध्याकाळी ओट्यावर येतो. नरहरीही पुन्हा बोलायला लागला आहे, पूर्वीइतकं नाही, पण बोलतो. फक्त देवूसमोर हसू आलं, उसासा आला, शिंक आली की त्याला आठवणीने हात उचलावा लागतो. मेघालीने इतक्या कष्टाने सोडवलेली गाठ तो रोज संध्याकाळी स्वतःच मारत बसतो. बाकी कुणी आलं तर हे सगळं अवघड होतं, म्हणून दोघेच असलेलं त्याला बरं वाटतं, आणि दोघेच असले की तो सगळ्यात जास्त एकटा असतो.

मध्यंतरी एकदा देवूच काहीतरी बोलला, सरपंचबाईंच्या नव्या स्कूटरबद्दल. देवूने विनोद करणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. नरहरी मनापासून हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की देवू त्याच्या डाव्या हाताकडे बघतो आहे. हात गुडघ्यावर पडला होता. नरहरीने घाईघाईने तो उचलला.

"राहू दे, नरू," देवू म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. त्याने राहिलेला चहा संपवला, कप आत नेऊन ठेवला आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशीही तो आला. अजून येतो. हात उचलायचं नरहरीने सोडून दिलं आहे आणि देवूनेही ते विचारलेलं नाही. खाटेवरचा खोटा हात त्याने ओळखला, हे तर उघड आहे. पण त्याबरोबर सभेतलाही खोटाच ठरवून, तरीसुद्धा माफ करून तो येतो, की तो खरा होता हे त्याला पटलं आहे, हे नरहरीला कळत नाही. विचारायचं तर आधी खाटेवर आपण काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल, आणि मग सभेतला हात खरा होता म्हणून कशाची साक्ष काढायची? मेघालीला पुढे केलं तर तीही पढवून आणलेली वाटायची. देवू शेजारी बसून चहा पीत असतो आणि नरहरी रोज ठरवतो की आज सांगू. अजून सांगितलेलं नाही.